म्हशीच्या पाठीवरचा बर्फ

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं माती वाहत होतो.

आमची शेतं उतारावर आहेत. वितळता बर्फ आणि पावसाचं पाणी वर्षभर माती खाली ढकलत राहतं आणि ती प्रत्येक शेताच्या खालच्या बांधाशी येऊन साचते. वरचा काठ उघडा पडतो, दगड दात विचकतात. म्हणून हिवाळा सरला की पेरणीच्या आधी बांधाशी साचलेली माती खणायची, पाठीवरच्या टोपलीत भरायची, वर न्यायची आणि ओतायची. पुढच्या वर्षी ती पुन्हा खाली आलेली असते. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, ह्याला शेवट कधी? ते म्हणाले होते, "शेवट कसला? आज गाय पिळली म्हणून उद्या पिळायची नाही का?"

मी खालच्या शहरात एका वाचनालयात काम करते. दरवर्षी दहा दिवसांची रजा काढून माती वाहायला वर येते. सहकारी विचारतात, यंदा सुट्टीत कुठे? मी म्हणते, डोंगरात. त्यांना हेवा वाटतो.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी टोपली पाठीवर घेणं सोडलं होतं. ते खाली उभं राहून फावड्याने भरून द्यायचे, मी घेऊन वर चढायची. त्या दिवशी ऊन होतं, पण वारा थंड होता. माती ओली आणि जड होती.

"अर्धीच भरलीत," मी म्हटलं.

"भरलीय तेवढी ने. तुझी पाठ पुस्तकातली आहे."

"पुस्तकं काय हलकी असतात?"

"मग वीस पुस्तकं समज. आणि वर जाऊन वाचत बसू नकोस."

मी हसले आणि वर गेले. ओतून परत आले. गुडघे दुखत होते. बेचाळिसाव्या वर्षी गुडघे दुखतात हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. विसाव्या टोपलीनंतर मी मोजणं सोडलं. बाबांनी सोडलं नाही. "चोविसावी," ते म्हणायचे आणि पुन्हा फावडं मारायचे, आणि प्रत्येक वेळी समोरच्या डोंगराकडे त्यांची पाठ असायची.

हे मुद्दाम होतं. त्या शेतातून समोरचा डोंगर सरळ दिसतो. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाला तिकडे तोंड करून फावडं चालवणं सोपं जातं. बाबा मात्र वळून, अडचणीत उभे राहून भरायचे. सत्तावीस वर्षं ते असेच उभे राहत होते. त्याचं कारण मी होते, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

समोरच्या डोंगरावर, जिथे ऊन उशिरा पोचतं, तिथे एक मोठा काळा खडक आहे. बसलेल्या म्हशीसारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला म्हैसच म्हणतो. हिवाळाभर ती पांढरी असते. उन्हं चढायला लागली की आधी तिचं डोकं उघडं पडतं, मग बऱ्याच दिवसांनी पाठ. पाठ पूर्ण काळी झाली की तिथून नवव्या दिवशी गावातली सगळी जनावरं वरच्या कुरणावर न्यायची, हा आमचा नियम. लवकर नेली तर कोवळं गवत खुरांखाली मुळासकट जातं, आणि वर हिमवादळात सापडण्याची भीती असते. उशीर केला तर इथला चारा संपतो आणि तिथलं गवत निबर होतं. कोणी एकट्याने पुढे जायचं नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी निघायचं. तो दिवस एक माणूस सांगतो. आमच्या घरात पणजोबांपासून ते काम होतं. बाबांनी तो दिवस एकोणीस वर्षं बिनचूक सांगितला.

विसाव्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते. खालच्या शहरातल्या निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा होती. आमच्या मास्तरांनी अर्ज भरला होता. बाबांची हरकत नव्हती, पण जनावरं वर जाईपर्यंत घरातला एकही हात मोकळा होत नाही. गोठ्यात कोकरं जन्मत असतात, चारा मोजून घालायचा असतो, पाणी वाहायचं असतं. "जनावरं वर गेली की दुसऱ्या दिवशी जा," बाबा म्हणाले होते. परीक्षेची तारीख त्या हिशोबात बसत नव्हती. बारा दिवस कमी पडत होते.

आमच्याकडे चुलीची राख हिवाळाभर जपून ठेवतात. जिन्याखाली तिची कोठी असते. हिवाळ्याच्या शेवटी ती राख बटाट्याच्या शेतातल्या बर्फावर फेकायची. काळपट बर्फ ऊन धरतो आणि लवकर वितळतो. शेत दहाबारा दिवस आधी हाती येतं, आणि इतक्या उंचीवर दहाबारा दिवस म्हणजे पीक येणं किंवा न येणं. पुढे वाचनालयात मला पुस्तकांमध्ये दिसलं की दूरदूरच्या डोंगरांतली माणसंही हेच करतात, कोणी राख टाकतात, कोणी काळी माती. ते पान मी कितीदा वाचलं असेल. तिथे लिहिलेलं नव्हतं की एखादी पोरगी ही राख भलत्या ठिकाणी टाकू शकते.

लागोपाठ तीन सकाळी मी ओढ्यावर पाणी आणायला म्हणून उजाडताना निघाले. हंडा झुडपात ठेवायचा, राखेचं पोतं पाठीवर घ्यायचं, समोरचा चढ चढायचा आणि म्हशीच्या पाठीवर मूठमूठ राख उधळायची. बर्फ गेल्यावर काळ्या दगडावर राख दिसत नाही. पुढच्या आठवड्यात म्हशीची पाठ उघडी पडली.

बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. अंगणात उभे राहून बघायचे. "ओढ्याचा आवाज अजून बारीक आहे," आईला म्हणाले. मग मला बोलावलं. "तुझे डोळे तरुण आहेत. बघ जरा, पाठ पूर्ण उघडी आहे ना?"

मी म्हटलं, "हो, बाबा."

तिथून नवव्या दिवशी जनावरं वर गेली. दहाव्या दिवशी मी शाळेच्या वर्गात पेपर लिहीत होते आणि खिडकीबाहेर पाऊस पडत होता. खाली पाऊस म्हणजे वर काय, हे त्या वर्गात मला एकटीलाच माहीत होतं. मी पेपर पूर्ण लिहिला.

एकशे चार जनावरं मेली. त्या वर्षी राखणीला काका गेले होते, बाबांचे धाकटे भाऊ. बर्फातून कोकरं उकरून काढताना त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. गावात कोणी बाबांना एक शब्द बोललं नाही. फक्त पुढच्या वर्षी त्यांना दिवस विचारला नाही. रेडिओला विचारला.

रेडिओ म्हणजे आमच्या गावात पहिल्यांदा रेडिओ आणणारा माणूस. आता त्याच्याकडे फोन आहे, पण नाव तेच राहिलं.

तर त्या दिवशी, चोविसाव्या टोपलीनंतर, आम्ही बांधावर बसून चहा घेत होतो. मी ठरवून आले होते की यंदा सांगायचं. तसं मी दर वर्षी ठरवून येते.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"लग्न करतेयस?"

"नाही."

"नोकरी सोडतेयस?"

"नाही हो."

"मग घाई कसली? चहा निवतोय."

मी तोंड उघडलं तेवढ्यात वरच्या वाटेने आत्या आली. बाबांची मोठी बहीण, वय ब्याऐंशी, आवाज अठराचा. "काय रे, पोरीला राबवतोस आणि स्वतः चहा पितोस? लाज नाही वाटत?"

"तू ये की मग माती वाहायला."

"मी आले असते. पण माझी माती आता मलाच वाहून नेणार आहे लवकर," आत्या म्हणाली आणि हसत सुटली. बाबाही हसले. ती तासभर बसली. कोणाच्या गाईला काय झालं, कोणाच्या सुनेने काय म्हटलं, सगळं झालं. मग ऊन कललं, आणि बाबा म्हणाले, "उरलेल्या सहा टोपल्या उद्या."

घरी आल्यावर आईने त्यांचे पाय गरम पाण्यात ठेवले. ते बसल्याबसल्याच पेंगायला लागले. पाणी निवलं तरी पाय तसेच. मी टॉवेलने ते पुसले. टाचांच्या भेगांत माती होती, ती निघाली नाही. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू.

सकाळी मेंढ्यांच्या आवाजाने मला जाग आली. आमचा गोठा खाली आणि आम्ही वर. जनावरांची ऊब फळ्यांतून वर येते, तसा आवाजही येतो. रोज बाबा खाली उतरले की मेंढ्या ओरडायला लागतात, चारा पडला की थांबतात. त्या दिवशी आवाज थांबला नाही. आई चुलीपाशी होती. तिने डोकं वर केलं, जरा ऐकलं, आणि हातातलं लाकूड खाली ठेवलं.

बाबा गव्हाणीला टेकून बसले होते. मांडीवर चाऱ्याची पेंढी होती, बांधलेलीच.

पुढचे सात-आठ दिवस लोक येत राहिले. आमच्याकडे दुःखाच्या घरात रिकामं कोणी बसत नाही. येणारा माणूस काही तरी काम उचलतो. एकाने पाटाचं पाणी वळवलं, दुसऱ्याने लाकडं फोडली. उरलेल्या सहा टोपल्या काकांनी वाहिल्या, एकट्यांनी, कोणाला न सांगता. गेल्या सत्तावीस वर्षांत ह्या दोन भावांत कामापलीकडे बोलणं नव्हतं. "पाणी सोडलंय." "तुमचं वासरू इकडे आलंय." बास. भांडणही नव्हतं. भांडण असतं तर कधी तरी मिटलं असतं.

माती ओतून काका अंगणात आले. मी त्यांना चहा दिला. उजव्या हाताने त्यांनी कप घेतला, डावा हात खिशातच.

"दादा कष्टाळू होता," ते म्हणाले. "त्याच्यासारखा बांध घालणारा आता गावात नाही. आयुष्यात एक चूक झाली त्याच्या हातून. चूक कोणाच्या हातून होत नाही?"

ते खरंच प्रेमाने बोलत होते. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्या आठवड्यात ते वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं. माणूस चांगला, एकच चूक. जन्मभर राबले, एकच चूक. गावात तोळामासा नावाचा एक जण आहे. त्याची तब्येत कायम तोळामासा, म्हणून ते नाव; गेली तीस वर्षं तो आज जातो की उद्या असा आहे आणि त्याच्यापेक्षा धडधाकट माणसं पुढे गेली. तोही काठी टेकत आला आणि म्हणाला, "तुझ्या बाबांना आम्ही माफ केलं होतं बरं का. मनात काही ठेवलं नव्हतं."

मी म्हटलं, "हो. कळलं."

आत जाऊन मी भांडी घासली. आधीच घासलेली होती, तीच पुन्हा घासली.

आठव्या दिवशी दुपारी आई बाबांचे कपडे वेगळे करत होती. वापरण्याजोगे एकीकडे, फाडून पायपुसण्याजोगे दुसरीकडे. दुसरा ढीग मोठा होता. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, त्या वर्षी..."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

तिने हातातला सदरा उलटा करून शिवण बघितली. "जिन्याखालची कोठी रिकामी होती. मला वाटलं, पोरीने मला न विचारता शेतावर राख टाकली. शेतावर जाऊन बघितलं तर बर्फ पांढराशुभ्र. मग तुझं जाकीट धुतलं. तीनदा धुतलं, तरी पाणी काळं निघत होतं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"आधी वाटलं, पोरीने कुठे तरी खेळ केला असेल. म्हशीचा विचारच आला नाही डोक्यात. तो आला जनावरं मेल्यावर. तेव्हा तुझा निकालही आला होता. पहिली आली होतीस. एका हाताला नवऱ्याची अब्रू, एका हाताला पोरीचं आयुष्य. मी बसून तोललं नाही गं. आधी जे हाताला लागलं ते धरलं."

मी विचारायला घाबरत होते ते विचारलं. "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"कशावरून म्हणतेस?"

"कळलं असतं तर त्यांनी म्हशीकडे पाठ केली नसती." आईने सदरा लहान ढिगावर ठेवला, मग उचलून मोठ्या ढिगावर ठेवला. "तुझ्यावर चिडले असते. दोन वर्षं बोलले नसते कदाचित. पण स्वतःवर विश्वास राहिला असता. त्यांना वाटलं, आपलेच डोळे फिरले. त्यानंतर कुठलीही गोष्ट स्वतः ठरवली नाही त्यांनी. आज बटाटा लावू का गं? आज जव कापू का? अख्खं गाव ज्याला विचारायचं तो माणूस मला विचारत होता, आणि मला काय येत होतं? मी आपलं काही तरी सांगायची. ते म्हणायचे, बरं."

खाली एक मेंढी खोकली.

"उद्या दिवस ठरवायला बसणार आहेत सगळे," मी म्हटलं. "मी तिथे सांगते."

आईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आता सांगून काय होणार? जनावरं उठणार, का हे उठणार? तू सांगशील आणि बसने खाली जाशील. मला इथे राहायचंय. आपल्या मेंढ्या यंदा काकांची मुलं वर नेणार आहेत. पाट आपल्याला त्यांच्या शेतातून येतो. म्हातारी बाई सगळ्यांच्या हातांवर जगते इथे. ते हात मागे घेतले तर मी काय करू?"

मी म्हटलं, "मग तू माझ्याकडे ये. खाली."

"तिसऱ्या मजल्यावर?" आई म्हणाली. "तिथे मी काय राखू? कुंड्या?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आईने मला रडू दिलं. तिच्या हातात बाबांचा मोजा होता, त्याच्या टाचेला पडलेलं भोक ती बोटाने चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध गोळा झाल्यावर माणसं दूध संकलनाच्या खोलीत जमली. गावातली तेवढीच एक खोली मोठी आहे. भिंतीला लावलेले कॅन, ओली फरशी, आंबूस वास. प्रत्येक घरातलं एक माणूस येतं. आमच्या घरातून कायम बाबा यायचे आणि दाराशी उभे राहायचे; सत्तावीस वर्षांत तिथे ते बोलले नाहीत. त्या दिवशी आई आली. तिला उतार उतरवत नाही म्हणून सोबत मी. आम्हाला कोणी तरी बाक दिला.

रेडिओने फोन डोळ्यांपासून लांब धरला. "पाच दिवस ऊन दाखवतोय. वारा नाही, पाऊस नाही. माझ्या मते परवा निघावं. चारा सगळ्यांचाच संपत आलाय."

"फोनला ऊन दाखवायला काय जातं?" आत्या म्हणाली. "तो तुझ्या खिशात असतो."

माणसं हसली. "हसा," रेडिओ म्हणाला. "चार वर्षांपूर्वी काय झालं? बरोबर निघालो होतो की नाही?"

"चार वर्षांपूर्वी बरोबर," आत्या म्हणाली, "पण त्याच्या आदल्या वर्षी कमरेएवढ्या बर्फातून माघारी आलो. तुझा फोन खालच्या शहराचं ऊन दाखवतो. आपण काय शहरात चरायला नेणार आहोत?"

तोळामासाची सून मागे उभी होती. दोन वर्षांपूर्वीच लग्न होऊन आलेली, कडेवर मूल. ती म्हणाली, "मी नवीन आहे, चुकलं तर सांगा. आमच्या माहेरी एक दरी आहे, तिच्यातला बर्फ दुभंगला की निघतात. इथे कोणी सांगत होतं, पूर्वी त्या समोरच्या खडकावरून दिवस धरायचे. त्याची पाठ तर अजून पांढरी आहे. मी सकाळीच बघितली."

सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या. सून गोंधळली. तिला वाटलं, आपलं काही तरी चुकलं. तोळामासा खोकला आणि म्हणाला, "अगं, ते जुनं झालं."

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डावा हात खिशातून काढला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं एक बोट. "म्हशीचं नाव इथे काढू नका," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी तिच्यावर विश्वास ठेवून वर गेलो होतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, आणि वहिनी इथे बसल्यात. पण चूक ती चूक. दादाला पाठ उघडी दिसली, ती नव्हती तशी. असतं कधी कधी. वय होतं, डोळे थकतात."

त्या वर्षी बाबा एक्कावन्न वर्षांचे होते.

"मग परवा ठरलं का?" रेडिओने विचारलं. दोघाचौघांनी माना हलवल्या. माणसं उठायच्या बेतात आली. कोणी तरी टोपी झटकली.

मी आईकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. तिचा हात बाकावर माझ्या हाताच्या शेजारी होता. तो तिने माझ्या हातावर ठेवला नाही आणि उचलूनही घेतला नाही. मला वाटलं होतं ती माझा पदर ओढेल, चिमटा काढेल, लहानपणी पाहुण्यांसमोर काढायची तसा. तिने काहीच केलं नाही.

मी उभी राहिले. वाचनालयात मी दर महिन्याला चाळीस माणसांसमोर बोलते. तिथे माझा आवाज कधी कापत नाही.

"काका," मी म्हटलं, "बाबांचे डोळे चांगले होते."

"बस गं पोरी," आत्या म्हणाली. "तुझं मन कळतं आम्हाला."

"नाही कळत, आत्या. मला बोलू द्या." मी काकांकडेच बघत राहिले, त्यांच्या हाताकडे बघायचं टाळलं, आणि मग टाळलं नाही. "म्हशीची पाठ उघडी होती. बाबांना दिसली तशीच होती. ती आपोआप उघडी पडली नव्हती. ओढ्याचा आवाज बारीक आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांना शंका होती. त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. मला परीक्षेला जायचं होतं, बारा दिवस कमी पडत होते. लागोपाठ तीन सकाळी मी वर गेले, आमच्या कोठीतली तीन पोती राख घेऊन. बाबांची काही चूक नव्हती. तुमची बोटं माझ्यामुळे गेली, काका. म्हशीवर राख मी टाकली होती."